मारबतीवर प्रबंध लिहायचाय? मग पोळ्याआधी कामाला लागा

जनसंवाद, मराठी नाहीतर नाट्यशास्त्र घेऊन एम.ए. करणारी पोरं-पोरी साधारण जुलैत भेटायला येतात. विषय आधीच ठरलेला असतो: 'समाजमाध्यमांचा युवकांवर होणारा परिणाम'. सोबत २५ प्रश्नांचा गुगल फॉर्म, जो वर्गातल्याच १०० जणांनी भरायचा. हा प्रबंध दरवर्षी लिहिला जातो, दरवर्षी बाइंड होतो आणि दरवर्षी त्याच कपाटात जातो. मी एवढंच विचारतो, "यंदा मारबत कधी आहे?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत (बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे) निघते हे नागपूरकराला सांगायला नको. त्यांच्यासोबत बडगे निघतात. बांबू, कागद, चिंध्या यांचे पुतळे, आणि त्यांच्या गळ्यात फलक. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, कोण्या पुढाऱ्याची कोलांटउडी, यंदा ज्याचा राग आला तो बडग्या होऊन गाडीवर बसतो. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक त्याला गावाबाहेर घालवतात आणि जाळतात. माध्यमं शिकणाऱ्यासाठी याहून चांगलं काय हवं? विनासंपादक, विनापरवाना, वर्षातून एकदा निघणारं वर्तमानपत्रच आहे ते. अडचण एकच, या वर्तमानपत्राचा अंक संध्याकाळी जळतो. तुम्ही टिपून घेतलं नसेल तर तुमचा डेटाही त्याच्यासोबत गेला.

म्हणून पुढचं सगळं वेळापत्रक उलटं आहे. आधी वाचन, मग सिद्धांत, मग 'क्षेत्रकार्य' हा क्रम इथे चालत नाही. मिरवणूक तुमच्या प्रकरण दोनसाठी थांबत नाही.

पोळ्याच्या आठ आठवडे आधी: प्रश्न छाटा

'मारबत: एक सांस्कृतिक अभ्यास' हा विषय नव्हे, हे पाटीवरचं नाव झालं. हॅरॉल्ड लॅसवेलचं १९४८ चं सूत्र (कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि परिणाम काय होतो) घासून गुळगुळीत झालंय, पण विषय छाटायला अजून कामाला येतं. पाचही प्रश्नांना एका प्रबंधात हात घालू नका. दोन निवडा, उरलेले तीन 'अभ्यासाच्या मर्यादा'त टाका.

मी सुचवतो तो प्रश्न असा: बडग्यांच्या फलकांवर राग कोणावर निघतो, आणि त्यातलं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय उरतं?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मोजता येतात, आणि त्याला सिद्धांतही आपोआप मिळतो. डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९५० मध्ये एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. एका अमेरिकन दैनिकात तारेवरून येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाला त्याने आठवडाभर, नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर नाकारण्याचं कारण लिहून ठेवायला लावलं. आलेल्या मजकुरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग टोपलीत गेला होता, आणि कारणं बरीचशी त्या गृहस्थाच्या आवडीनिवडीची निघाली. द्वारपाल (कोणती बातमी आत घ्यायची, कोणती बाहेर ठेवायची हे ठरवणारा) ही संकल्पना पत्रकारितेच्या अभ्यासात रुजली ती इथून. व्हाइटला नाकारलेला मजकूर मिळाला कारण तो कागदावर होता. आपल्याकडे 'आलेला मजकूर' म्हणजे रस्त्यावरचे बडगे. ते जपायचं काम कोणी दुसरा करणार नाही.

ज्यांना बातमीपेक्षा सोहळ्यात रस आहे त्यांनी जेम्स कॅरीकडे जावं. संवाद म्हणजे निरोप पोचवणं एवढंच नसून एकत्र येऊन काही साजरं करणं, ही त्याची मांडणी मारबतीला छान बसते. बाख्तिनचं 'कार्निव्हल' (उत्सवात मोठ्यांची उघड थट्टा चालते, ही कल्पना) प्रत्येकाला आठवतंच. मात्र एका प्रबंधाला एक सिद्धांत पुरतो. तीन घेतले की प्रत्येकाची नुसती पाठ थोपटली जाते.

सहा आठवडे: वाचन, पण मोजून

शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, शोधताना तीन भाषांत आणि निदान चार स्पेलिंगांनी शोधा. मारबत, मारबोत, बडग्या, बडगा, हिंदीतलं मारबत, आणि रोमन लिपीत लोकांनी जे काय लिहिलं असेल ते. सापडलेला प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचू नका. पद्धतीचं प्रकरण आणि संदर्भसूची वाचा, तिथून पुढची वाट फुटते. एम.ए.चे लघुप्रबंध शोधगंगेवर मिळायचे नाहीत. नागपुरात पत्रकारितेचे वर्ग हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्येच सुरू झाले. तेव्हापासूनच्या विद्यार्थ्यांनी जे काही लिहिलं, त्यातलं जे शिल्लक असेल ते शोधायला ग्रंथपालांशीच गोड बोलावं लागतं.

पुस्तकांसाठी विद्यापीठाचं रामदासपेठेतलं ग्रंथालय आणि सीताबर्डीचा विदर्भ साहित्य संघ. संघ १९२३ चा, विद्यापीठही त्याच वर्षीचं. जुन्या मराठी नियतकालिकांसाठी आधी संघ. सरकारी कागदांसाठी राज्याच्या पुराभिलेख विभागाचं नागपुरातलं कार्यालय आहे. नागपूर १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी होतं, त्या काळातल्या मिरवणुका, परवाने, पोलीस बंदोबस्ताचे कागद कुठे असू शकतील ते तिथे जाऊन विचारा. गाइडच्या सहीचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल सोबत ठेवा. जुन्या कागदांजवळ शाईचा पेन कोणी नेऊ देत नाही, आणि बरोबरच आहे.

वाचलेलं लगेच झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. फुकट आहे, देवनागरी घेतं. आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यात घाला, नाहीतर शेवटच्या रात्री संदर्भसूचीत अर्धे लेखक आडनावाने आणि अर्धे पाळण्यातल्या नावाने उभे असतात.

चार आठवडे: कोडबुक

इथे वेळ घाला. आशय विश्लेषणाचा प्रबंध कोडबुकावर, म्हणजे काय आणि कसं मोजायचं याच्या लेखी नियमांवर, उभा राहतो नाहीतर बसतो.

आधी एकक ठरवा. एका बडग्याला चार फलक असतात, कधी एकही नसतो, कधी एका गाडीवर दोन बडगे. तुम्ही बडगे मोजणार की फलक? मी दोन तक्ते करायला लावतो. पहिल्यात एका बडग्याला एक ओळ, दुसऱ्यात एका फलकाला एक ओळ, आणि दोन्हीला जोडणारा बडग्याचा क्रमांक.

फलकाच्या तक्त्यात हे रकाने ठेवा: वेळ, मंडळाचं नाव, मजकूर जसाच्या तसा, भाषा, कोणाला धारेवर धरलंय (व्यक्ती, संस्था की परिस्थिती), पातळी (वस्ती-शहर, राज्य, देश, परदेश), उपहास की सरळ शिवी, आणि खाली पुरस्कर्त्याचं नाव आहे का. हा शेवटचा रकाना पोरं नेहमी विसरतात. व्यवस्थेवर आग पाखडणाऱ्या फलकाच्या कोपऱ्यात 'सौजन्य' म्हणून कोणाचा हसरा फोटो आहे, यावर एक अख्खं प्रकरण निघू शकतं.

मजकूर 'जसाच्या तसा' म्हणजे खरंच तसा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर चुकलेलं, हिंदी-मराठी मिसळलं असेल तर मिसळलेलं. शुद्धलेखन तपासायला तुम्ही गेलेले नाहीत.

प्रत्येक रकान्याचा नियम लिहून काढा. 'महागाई' शहराच्या पातळीवरची की देशाच्या? नियम असा करता येईल: फलकावर महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एखादी वस्ती किंवा रस्ता यांचं नाव असेल तरच 'शहर', नाहीतर 'देश'. नियम पटण्यासारखा असावा ही अपेक्षा आहेच, पण तो सगळीकडे सारखा लागला पाहिजे हे जास्त महत्त्वाचं. नियम तयार झाले की यूट्यूबवरचे मागच्या वर्षांचे मिरवणुकीचे व्हिडिओ लावा आणि २० फलकांवर चालवून बघा. निम्मे नियम पहिल्याच बैठकीत मोडतात. मोडू द्या, दुरुस्त करा.

मारबतीचा दिवस

माझी फजिती आधी सांगतो. पहिल्या वर्षी मी एकटाच गेलो. कॅमेरा गळ्यात, मिरवणुकीसोबत चालत, दिसेल ते टिपत. ४०० वर फोटो आले. दोन आठवड्यांनी तक्ता भरायला बसलो तर एकच बडग्या दोन चौकांत टिपलेला, एकदा पुढून आणि एकदा पाठीमागून. तो एक की दोन? पाऊस येऊन गेला होता, फलकाचा रंग उतरलेला, मंडळाचं नाव फोटोबाहेर. किती बडगे होते हे मला आजही सांगता येत नाही, आणि ते फोटो संशोधनासाठी बाद आहेत. भिंतीवर लावायला ठीक.

तेव्हा चालू नका, उभे राहा. मिरवणूक तुमच्यासमोरून जाऊ द्या. नेहरू पुतळ्याजवळ काळी-पिवळीची भेट होते, ती बघण्यासारखी असते पण तिथे मोजणी अशक्य. गर्दीत हातही वर होत नाही. त्याच्या आधीचा एखादा अरुंद पट्टा हेरा आणि पहिल्या मजल्यावरची गॅलरी मागून घ्या. चार दिवस आधी जाऊन विचारलं तर घरमालक हो म्हणतात, वर चहाही देतात. आयत्या वेळी कोणी दार उघडत नाही. दोन्ही मारबतींचे मार्ग वेगळे असल्यामुळे खरं तर दोन ठिकाणी माणसं हवीत. तेवढी नसतील तर एकच मार्ग घ्या आणि प्रबंधात तसं लिहा.

एका ठिकाणी तीन जण. एकाकडे कॅमेरा, एकाकडे आवाज, एकाकडे वही. वहीवाला बॉस. बडग्या समोर आला की तो मोठ्याने क्रमांक बोलतो, कॅमेरावाला आधी क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो घेतो, मग बडग्याचे तीन: पूर्ण, प्रत्येक फलक जवळून, आणि गाडीची मागची बाजू. सगळ्यांच्या फोनमधली वेळ सकाळीच जुळवून घ्या.

आवाजाचं गणित वेगळं. ढोल-ताशा रेकॉर्डरच्या तोंडावर आला की आवाज फाटतो आणि घोषणा त्यात विरून जातात. रेकॉर्डरची आपोआप पातळी ठरवायची सोय बंद करा, पातळी हाताने कमी ठेवा, सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकी. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ. एमपीथ्री जागा वाचवते, पण नंतर त्या गोंगाटातून शब्द वेगळे काढायचे असतील तर पस्तावाल. पॉवर बँक आणि प्लास्टिकच्या पिशव्या लागतातच, हा दिवस ऑगस्ट-सप्टेंबरात येतो.

त्याच रात्री, कितीही थकलात तरी, झोपण्यापूर्वी दोन कामं. सगळ्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी किंवा क्लाउडवर. आणि वहीतलं तक्त्यात उतरवणं. सकाळपर्यंत 'तो निळा शर्टवाला बडग्या' कोणता ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशीचे पेपर

पहाटे स्टॉलवर जा आणि छापील अंक विकत घ्या. निदान दोन मराठी, एक हिंदी, एक इंग्रजी. नागपूर हे दोन-तीन भाषांत पेपर वाचणारं शहर आहे, आणि हिंदी दैनिकं सोडून केलेला अभ्यास लंगडा राहतो. इंग्रजीत 'हितवाद' आहेच, १९११ पासूनचा. शहर आवृत्ती घ्या. डाक आवृत्ती लवकर छापली जाते, तिच्यात बातमी वेगळी असू शकते. कोणती घेतली ते वहीत लिहा. ई-पेपरवर विसंबू नका, जुनी पानं कधी पैशामागे जातात, कधी गायबच होतात.

मोजमाप कॉलम-सेंटिमीटरमध्ये. तीन कॉलम रुंद, १२ सेंटिमीटर उंच म्हणजे ३६. फोटो आणि मजकूर वेगळे मोजा. मग खरं काम: बातमीत किंवा फोटोत आलेला प्रत्येक बडग्या तुमच्या तक्त्यातल्या क्रमांकाशी जुळवा. आता तुमच्याकडे दोन याद्या आहेत, रस्त्यावर निघालेल्यांची आणि छापून आलेल्यांची. परदेशावरचा राग छापला जातो आणि गल्लीतल्या नगरसेवकावरचा गळतो का? की उलट? मी उत्तर सांगणार नाही, वर्षागणिक बदलू शकतं. यादी सांगेल.

एक तांत्रिक कटकट. मराठी वर्तमानपत्रांच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर पुष्कळदा कचरा येतो, कारण पानं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावलेली असतात. फॉन्ट बदलणारं कन्व्हर्टर मिळतं, नाहीतर टेसरॅक्टसारखं फुकट ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी वाचतं. दोन्हींत जोडाक्षरं तपासावी लागतात. ३०-४० बातम्यांसाठी सरळ टाइप केलेलं बरं.

मुलाखती

मुलाखतींची वेळ जपून निवडा. पुढे गणपती असतात, बरेच कारागीर आणि मंडळवाले त्यातच अडकतात. तेव्हा एक तर लगेच, नाहीतर विसर्जनानंतर. चौघांशी बोला: बडग्या बांधणारा, मंडळाचा कार्यकर्ता, मिरवणूक टिपणारा छायापत्रकार आणि त्या रात्री पान लावणारा उपसंपादक. चौथ्याला सगळे विसरतात, आणि तोच तुमचा द्वारपाल.

'तुम्हाला असं वाटत नाही का की…' ने सुरू होणारा प्रश्न खोडून टाका. असे विचारा: यंदाचा विषय कोणत्या रात्री ठरला? कोण होतं तिथे? आणखी कोणते विषय निघाले होते? फलक कोणी लिहिला? कोणी काही बदलायला लावलं का? उपसंपादकाला त्याच्याच पेपरचं पान समोर ठेवून विचारा, किती फोटो आले होते, हाच का घेतला.

संमती लिहून घ्या, पण सरकारी भाषेत नको. एवढं पुरे: 'मी मारबतीवर अभ्यास करतोय. तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का? नाव नको असेल तर घालणार नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबू, आणि नंतर काही काढून टाकायचं असेल तर मला फोन करा.' सही करायला माणूस बिचकला तर हेच वाचून दाखवा आणि त्याचा होकार रेकॉर्डवर घ्या. विभागाची नैतिकता समिती असेल तर मसुदा आधी दाखवा. लहान मुलांचे ओळखू येतील असे चेहरे प्रबंधात नकोत, एखाद्या समाजाला दुखावणारा फलक असेल तर तो विश्लेषणात घ्या, मुखपृष्ठावर नाही.

तासाभराच्या मुलाखतीला लिप्यंतराचे चार ते सहा तास धरा. आणि बोली धुऊन काढू नका. माणूस म्हणाला, "आता पोरं ऐकून नाही राह्यले." तुम्ही लिहिलंत, 'आता मुले ऐकत नाहीत.' पहिल्या वाक्यात 'चालू आहे, अजून चालूच आहे' असा वैताग आहे, दुसऱ्यात नुसती माहिती. पुण्याच्या बहिःस्थ परीक्षकाला कळणार नाही अशी भीती वाटत असेल तर तळटीप द्या.

दोघांनी मोजायचं

कोडिंग एकट्याने केलं तर ते तुमचं मत. निदान एक पंचमांश फलक दुसऱ्या कोणाकडून, तुमचे आकडे न दाखवता, कोड करून घ्या. मग नुसती टक्केवारी काढून खूश होऊ नका. समजा ४० फलक आहेत, प्रश्न 'सरकारवर टीका आहे का'. तुम्ही २८ ना हो म्हटलं, मैत्रिणीने २६ ना. दोघांचं उत्तर ३२ ठिकाणी सारखं आलं, म्हणजे ८० टक्के. वा! पण दोघंही बहुतेक फलकांना 'हो'च म्हणत असतील तर नुसत्या योगायोगानेही बरंच जुळणार. किती? २८ गुणिले २६, अधिक १२ गुणिले १४, भागिले १६००. उत्तर ०.५६. आता ०.८० मधून ०.५६ वजा करा, उरलेल्याला १ वजा ०.५६ ने म्हणजे ०.४४ ने भागा. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून मोजलेली जुळणी, ०.५५ आला. ८० टक्क्यांचं सोनं पितळ निघालं. क्रिपेनडॉर्फ अल्फा हे जुळणीचंच दुसरं माप वापरलात तर ०.८० च्या वर निर्धास्त, ०.६६७ पर्यंत जपून निष्कर्ष, त्याखाली नियम पुन्हा लिहा. मतभेद कुठे झाले ते फलक समोर ठेवून भांडा. त्या भांडणातून कोडबुक सुधारतं.

बाकाबाईचं काय करायचं

मुलाखतीत हे येणारच: काळी मारबत म्हणजे नागपूरच्या राजघराण्यातली बाकाबाई भोसले, इंग्रजांना सामील झाली म्हणून तिचा पुतळा काढतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, हेही सांगितलं जातं. नागपूरचं राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. म्हणजे सांगितलेली तारीख खरी धरली तरी मध्ये २७ वर्षं जातात. एवढ्या उशिरा राग का निघाला? की पुतळा आधीचा, रोगराई घालवण्याचा, आणि बाकाबाई त्याला नंतर चिकटली?

अडाणी संशोधक दोन चुका करतो. एक तर 'काळी मारबत बाकाबाईच्या निषेधार्थ सुरू झाली' असं विधान ठोकतो आणि खाली वर्तमानपत्राच्या कात्रणाचा आधार देतो, ज्या कात्रणाला आणखी जुन्या कात्रणाचा आधार असतो. नाहीतर ही दंतकथा आहे म्हणून उडवून लावतो. तुम्ही तीन रकाने करा: काय घडलं याचा त्या काळचा कागद, ते घडल्याचं पहिल्यांदा कोणी-केव्हा छापलं, आणि आज लोक कसं सांगतात. पहिला रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. माध्यमांच्या अभ्यासकासाठी तिसरा रकानाच मोलाचा. शिवाय दुसरा भरायला जुने अंक चाळताना बडग्यांच्या जुन्या बातम्या हाती लागल्या तर तो फायदा वेगळा.

लिहिणं आणि देणं

सर्वांत आधी पद्धतीचं प्रकरण लिहा, आठवण ताजी असताना. मग निष्कर्ष, मग मधलं, प्रस्तावना शेवटी. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून किती उचललाय ते बघताना) यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० ला सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ६० च्या वर नोंदणीच जाते. इंग्रजी परिच्छेदाचं मराठी भाषांतर सॉफ्टवेअरच्या जाळ्यातून निसटेल, परीक्षकाच्या नाही. त्याला तो परिच्छेद पाठ असतो.

पेपर छापण्याची घाई करू नका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमची आणि गाइडची. तीन दिवसांत छापतो आणि पैसे आधी मागतो, तिथे देऊ नका. पीएच.डी. करणाऱ्यांनी २०२२ च्या नियमावलीसोबत आपल्या विद्यापीठाचे नियमही बघावेत, दोन्हींत फरक असतो.

व्हायवाला फोटो अल्बम नेऊ नका, कोडबुक न्या. आणि व्हायवा झाला की बडग्यांचे फोटो, क्रमांक आणि मंडळाच्या नावासह, एका पेनड्राइव्हमध्ये टाकून त्या-त्या मंडळाला नेऊन द्या. त्यांच्याकडे स्वतःच्याच जुन्या बडग्यांचे फोटो क्वचित असतात, मोबाईल बदलला की गेले. पुढच्या पोळ्याच्या आधी द्या, यंदाचा विषय ठरवायला ते बसतात तेव्हा.